ठाण्याच्या तुरुंगाचा देखावा उभारताना

मंडळाच्या बैठकीत यंदाचा देखावा ठरत होता, तेव्हा मी ठाण्याच्या किल्ल्याचा विषय मांडला. आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे तो पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जिंकलेला किल्ला. आत आजही कैदी असल्यामुळे हवं तेव्हा जाऊन तो पाहता येत नाही. कोर्टनाक्यावरून रोज ये-जा करणाऱ्या आमच्या पोरांना त्या भिंतीमागचं काहीच ठाऊक नसावं, हे मला फार लागत होतं.

भाच्याने लंडन डंजन पाहिलं होतं. १९७४ साली सुरू झालेलं ते प्रदर्शन. तिथे नट अंधारातून अंगावर येतात, प्रेक्षकालाच आरोपी म्हणून उभं करतात. माणसाला गोष्टीत ओढायची रीत मला पटली. पण जॅक द रिपरसारखा लंडनचा खुनी आणि क्रांतिकारक अनंत कान्हेरे एकाच तऱ्हेने मांडता येत नाहीत. "गणपतीसमोर फाशी नको," असं नाना म्हणाले, ते मी लगेच मान्य केलं. वधस्तंभ दाखवायचाच नाही, असं ठरलं.

पहिली कोठडी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांची. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाच्या आरोपावरून इंग्रजांनी त्यांना इथे डांबलं आणि १८१६ मध्ये ते निसटले. खिडकीबाहेर घोड्याला खरारा करणारा मोतद्दार गाण्यातून निरोप देत असे आणि पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना मराठी कळत नसे, अशी आख्यायिका आहे. आम्ही प्लायवुडची भिंत, खऱ्या लोखंडी सळ्या आणि मागे स्पीकर लावला. चार ओळी मीच रचल्या. त्यातला निरोप ओळखला की दार उघडायचं. पोरं कान सळ्यांना लावून उभी राहायची.

दुसऱ्या खोलीने सगळ्यात जास्त डोकं खाल्लं. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना याच तुरुंगात फाशी झाली. तालमीत संवाद म्हटले, ते नाटकी वाटले. शेवटी संवाद काढून तारेवर तारखांचे कागद ओवले. पहिला २१ डिसेंबर १९०९ चा, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या तो दिवस. तिथून प्रेक्षकाने स्वतः एकेक कागद उलटत १९ एप्रिल १९१० पर्यंत, फाशीच्या दिवसापर्यंत जायचं. एकशे एकोणीस दिवस. शेवटच्या कागदावर तिघांची नावं आणि एकच ओळ: मृतदेह नातेवाइकांना दिले नाहीत. सुरुवातीला भराभर उलटणारे हात मार्चपाशी सावकाश व्हायचे. पाचव्या-सहाव्या माणसानंतर कागद फाटायला लागले, म्हणून ते लॅमिनेट करून घेतले. एका वेळी एकच कुटुंब आत सोडायचं, हेही तेव्हाच ठरलं; रांग वाढली तरी कोणी कुरकुरलं नाही.

राघोजी भांगरे यांना मात्र जागेअभावी बाहेरच्या फलकावर घेतलं होतं. २ मे १८४८ ला त्यांना याच तुरुंगात फाशी दिली गेली. अकोले तालुक्यातले एक काका तो फलक वाचून तिथेच थांबले. "इंग्रज आणि सावकारांशी एवढा लढलेला माणूस, त्याला दारात उभं केलंत?" त्यांचं म्हणणं रास्त होतं. त्याच रात्री आरतीनंतर आम्ही पहिल्या कोठडीची मागची भिंत पुढे सरकवली आणि राघोजींची खोली काढली. मजकूर काकांनी सांगितला, मी लिहून घेतला.