चहावाल्याच्या वहीतला आहार

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीचे एक अडते वाढत्या वजनाची तक्रार घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा त्यांनी आठवडाभराच्या आहाराची नोंद चोख करून आणली होती: सकाळी नाश्ता नाही, दुपारी दीड भाकरी आणि भाजी, रात्रीही तेवढेच. एवढ्याशा खाण्यावर वजन वाढावे कसे, ते कळेना. बरे, गृहस्थ खोटे बोलणाऱ्यांतले वाटत नव्हते. "दिवसभरात पिता काय?" असे विचारल्यावर ते हसले. "मॅडम, चहाचा काय हिशोब ठेवायचा? सौदा म्हटला की चहा आलाच."

हिशोब होता; तो चहावाल्याने ठेवला होता. पुढच्या भेटीत त्यांनी उधारीची ती तेलकट वही माझ्यासमोर ठेवली. गाळ्याच्या नावाखाली उभ्या रेघांचे जुडगेच्या जुडगे होते, आणि पाहुण्यांचे कप वजा करूनही त्यांच्या वाट्याला रोजचे १२ कप येत होते. कपाला दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर धरली, तरी दिवसाला १२० ग्रॅम साखर आणि ४८० किलोकॅलरी होतात. दूध आणि दुपारचा उसाचा रस वेगळाच.

इतके पोटात जाऊनही जेवणाची भूक तसूभर कमी होत नव्हती, हेच मला महत्त्वाचे वाटले. पातळ पदार्थ चावावा लागत नाही, घटाघट संपतो आणि जठरातून लवकर पुढे सरकतो, त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूला क्षीणच मिळतो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्याच १५ जणांना चार आठवडे रोज ४५० किलोकॅलरीच्या जेलीच्या गोळ्या आणि चार आठवडे तितक्याच कॅलरींचे शीतपेय दिले होते. गोळ्यांच्या काळात त्यांचे इतर खाणे आपोआप घटले, शीतपेयाच्या काळात मात्र घटले नाही आणि वजन वाढले. पौष्टिक म्हणून फळांच्या रसाला लोक जी सूट देतात, तीही म्हणूनच मला पटत नाही. नाचणीची दाट आंबील सावकाश घ्यावी लागते, तिची गोष्ट निराळी.

यार्डात राहून चहा सोडा म्हणणे व्यर्थ होते. मी फक्त साखर काढायला लावली आणि सकाळी न्याहारीला भाकरी-पिठले सुरू केले. बिनसाखरेचा चहा घशाखाली उतरेना, त्यामुळे कप आपोआपच निम्म्यावर आले आणि वजनाचा काटाही हळूहळू उतरू लागला. उसाच्या रसावर मात्र बरीच घासाघीस झाली. शेवटी तो फक्त रविवारी आणि त्या दिवशी दुपारची भाकरी अर्धीच, असा सौदा ठरला.