बंद पडणारा संगणक आणि पिवळी तार

माझा कामाचा संगणक सहा वर्षे विनातक्रार चालला आणि मग एकाएकी दिवसातून दोन-तीनदा मध्येच बंद पडू लागला. पडदा काळा होई आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू होई. पुढे दोन आठवड्यांनी सकाळी ते सुरूच होईनासे झाले. बटण दाबले की पंखे फिरत, दिवा लागे, पण पडद्यावर एक अक्षरही उमटत नसे. चार-पाच वेळा बंद-चालू केल्यावर मात्र तेच यंत्र संध्याकाळपर्यंत बऱ्यापैकी काम देई.

पहिल्याच आठवड्यात मी विंडोज पुसून नव्याने टाकले होते. संगणक बिघडला की बहुतेकांचा हात आधी तिकडेच जातो, पण ते आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे झाले. तिसऱ्या दिवशी यंत्र पुन्हा बंद पडले, आणि त्याहून वाईट म्हणजे आधीच्या दिवसांच्या ज्या नोंदींवरून बिघाडाचा माग काढता आला असता, त्या जुन्या विंडोजबरोबरच नाहीशा झाल्या. म्हणून त्यानंतर मी काहीही बदलण्यापूर्वी एक वही केली आणि प्रत्येक वेळी यंत्र किती वाजता बंद पडले, तेव्हा काय चालू होते आणि त्याआधी ते किती वेळ थंड होते, हे लिहून ठेवू लागले.

त्या वहीतून पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की निळा पडदा एकदाही दिसला नव्हता. हा फरक फार महत्त्वाचा आहे. ड्रायव्हर किंवा रॅममधील चुकीमुळे विंडोज कोसळते तेव्हा बहुधा निळा पडदा येतो, त्यावर त्रुटीचा संकेत असतो आणि विंडोजच्या फोल्डरमधील मिनीडम्पमध्ये त्याची फाइल राहते. माझे ते फोल्डर रिकामे होते. विंडोजच्या घडामोडींची नोंदवही असलेल्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दर वेळी 'कर्नल पॉवर 41' ही एकच नोंद होती. ही नोंद कारण सांगत नाही. संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला, इतकेच ती सांगते. परंतु तिच्या तपशिलात 'बगचेककोड' नावाचा एक आकडा असतो आणि तो माझ्याकडे प्रत्येक वेळी 0 होता, म्हणजे काही चुकले आहे हे नोंदवायलाही विंडोजला सवड मिळाली नव्हती. यंत्र गोठून बटण दाबून बंद करावे लागले तरी हा आकडा 0 येतो. पण माझे यंत्र गोठत नव्हते, थेट विझत होते.

तोवर यंत्र 'ऑटोमॅटिक रिपेअर'च्या, म्हणजे विंडोजच्या स्वतःला दुरुस्त करू पाहण्याच्या, फेऱ्यात अडकू लागले होते. मी पेनड्राइव्हवरून लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली सुरू केली आणि एसएसडीची, म्हणजे फाइली साठवणाऱ्या डिस्कची, 'स्मार्ट' माहिती (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद) वाचली. त्यात माध्यमातील चुका 0 होत्या, परंतु 'अनसेफ शटडाउन्स'चा, म्हणजे अचानक वीज तुटण्याचा, आकडा 143 होता. लिहिण्याचे काम चालू असताना वीज जाते तेव्हा फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवरील फाइलींची मांडणी, अर्धवट राहते. तसे वारंवार झाल्यावर विंडोजची सुरू होण्याची व्यवस्था मोडली, तर त्यात नवल नाही. म्हणजे मी ज्यांना दोन दुखणी समजत होते, त्यांतले एक दुसऱ्याचा परिणाम होते. हे वाचत असतानाच यंत्र लिनक्समध्येही विझले आणि विंडोजवरचा माझा उरलासुरला संशय तिथे संपला.

दुरुस्तीचा पुढचा कोणताही प्रयत्न करण्याआधी मी एसएसडी काढून बाहेरच्या केसमध्ये बसवली आणि दुसऱ्या संगणकावर सगळ्या फाइलींची प्रत घेतली. ज्या यंत्राचा भरवसा नाही, त्यावरच चेकडिस्क हा डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम चालवणे मला धोक्याचे वाटते, कारण तो फाइल सिस्टिममध्ये बदल लिहीत असताना मध्येच वीज गेली तर होते नव्हते तेही हातचे जाऊ शकते.

रॅमची चाचणी मेमटेस्टने केली. चार फेऱ्यांत एकही चूक आली नाही. प्रोसेसरचे तापमान कामाच्या वेळी 62 अंश सेल्सिअस होते, त्यामुळे तोही प्रश्न मिटला. आता एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा, उरला.

मल्टिमीटरची टोके मी एका मोकळ्या चारपिनी कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या तारेवर धरली. पिवळ्या तारेवर 12 व्होल्ट अपेक्षित असतात आणि पाच टक्के सूट धरली तर 11.4 ते 12.6 ही मर्यादा होते. यंत्र स्वस्थ असताना 11.7 दिसत होते. ग्राफिक्स कार्डावर भार टाकणारा प्रोग्रॅम सुरू केला तसा आकडा 11.5, 11.3, 11.1 असा उतरत गेला आणि माझ्या डोळ्यांदेखत पडदा काळा झाला. जाळीतून टॉर्चच्या उजेडात पाहिले तर आतल्या दोन कपॅसिटरची (वीज साठवून दाब स्थिर ठेवणाऱ्या भागांची) टोपणे फुगलेली दिसली. (एसएमपीएस उघडू नये. मुख्य कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.)

सकाळचे कोडेही त्यातच उलगडले. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जुना झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो आणि थंड असताना तो आणखी जास्त असतो. एसएमपीएस सर्व दाब स्थिर झाल्यावर मदरबोर्डला 'पॉवर गुड' हा संकेत देतो, आणि तो मिळेपर्यंत प्रोसेसर थांबवून ठेवलेला असतो. पंख्यांना मात्र या संकेताशी काही देणेघेणे नसते. म्हणून पंखे फिरत आणि पडदा कोरा राही. चार-पाच प्रयत्नांत कपॅसिटर थोडे गरम होत, दाब सावरे आणि यंत्र उठून बसे.

नवा एसएमपीएस बसवल्यावर पिवळ्या तारेवर स्वस्थ असताना 12.1 आणि भाराखाली 12.0 व्होल्ट आले. मग एसएसडी परत जागेवर बसवून चेकडिस्क चालवला आणि सुरू होण्याच्या फाइली विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून पुन्हा लिहून घेतल्या. सगळे मिळून अर्ध्या तासाचे काम होते. 'अनसेफ शटडाउन्स'चा आकडा माझ्या तपासणीतील प्रयोगांमुळे तोवर 149 वर पोचला होता. त्यानंतर दर आठवड्याला मी तो पाहते आणि वहीत लिहिते. तीन महिने झाले, तो 149 वरच आहे.