सहा महिने, ९७ हजार डाव

राजीनामा लिहून तयार होता, फक्त तारीख घालायची होती. धाकट्या बहिणीने तो वाचला आणि म्हणाली, "दादा, आधी सहा महिने बिनपगारी रजा घे. हा कागद कुठे पळून जात नाही." माझी नोकरी वाचली ती या एका वाक्यामुळे. तेव्हा मात्र मला तिचा भयंकर राग आला होता. घरात एक भावी व्यावसायिक पोकरपटू बसलाय आणि हिला त्याच्या पेन्शनची चिंता!

माझी पात्रता काय होती? दोन वर्षं दर शनिवारी मित्रांबरोबर खेळत होतो आणि बहुतेक वेळा जिंकूनच उठत होतो. त्यात एका छोट्या स्पर्धेत ६४ जणांत पहिला आलो. झालं, त्या रात्री झोप उडाली. मी हिशेबनीस; २००३ साली वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकणारा ख्रिस मनीमेकरही हिशेबनीसच. ऑनलाइन पात्रता फेरीतून आलेला हा माणूस ८३९ जणांत पहिला आला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. वर आडनाव मनीमेकर! मला यात दैवी संकेत दिसला. पुढच्याच वर्षी त्या स्पर्धेला २,५७६ जण बसले. त्यातल्या कितीजणांना हाच संकेत दिसला असेल, हा विचार मला शिवलाही नाही.

पोकरमधला हिशेब बिग ब्लाइंडमध्ये करतात. प्रत्येक डावात दोघांना पत्ते बघण्याआधीच पैसे टाकावे लागतात: एकाचा स्मॉल ब्लाइंड, त्याच्या पुढच्याचा सहसा दुप्पट असलेला बिग ब्लाइंड. मी नेहमीच्या टेबलाच्या मापाने १,२०० बिग ब्लाइंड बाजूला काढले. एका टेबलावर शंभर घेऊन बसायचं, म्हणजे बारा वेळा बसण्याइतकी पुंजी. पोटासाठी खेळणारे याच्या कितीतरी पट राखून ठेवतात हे वाचलं होतं. पण तो सल्ला हरणाऱ्यांसाठी असणार, असं मी ठरवून टाकलं.

पहिला महिना स्वप्नासारखा गेला. ऑनलाइन ८,००० डाव खेळलो आणि १,१०० बिग ब्लाइंड कमावले. लगेच वहीत बारा महिन्यांचं गणित मांडलं, तीन वर्षांत कोणत्या मोठ्या स्पर्धांना जायचं त्याची यादी केली आणि ५०० काढून घरखर्चाला दिले. देताना चेहऱ्यावर जे काही होतं ते आठवलं की आजही कानकोंडं व्हायला होतं.

बहीण संख्याशास्त्र शिकवते. तिने विचारलं, "शंभर डावांमागे तुझा चढउतार किती?" मी म्हटलं, "चढच आहे." तिने माझ्या नोंदी घेतल्या. शंभर डावांमागे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीच्या वरखाली नेहमी बसणारा झोका, साधारण ९० बिग ब्लाइंड निघालं. कागदावर दोन ओळी खरडून ती म्हणाली, "जो अजिबात जिंकत नाही आणि अजिबात हरत नाही, अशा माणसालाही ८,००० डावांत एवढा नफा दर बारा जणांत एकाला होईल. निव्वळ नशिबाने." मी म्हटलं, मग मी तो एक आहे. ती म्हणाली, "तेच तर सांगतेय."

ऐकतो कोण. उरलेले १,८०० घेऊन मी दुप्पट मोठ्या टेबलावर गेलो. तिथल्या मापाने ते ९०० झाले.

तिथला एक डाव मी भेटेल त्याला ऐकवायचो. माझ्याकडे एक्क्यांची जोडी, जी सरासरी २२१ डावांत एकदा येते. समोरच्याकडे राजांची. टेबलावर एकही पत्ता उघडायच्या आधी दोघांचे सगळे पैसे मध्ये. आणि उघडलेल्या पत्त्यांत आला राजा: त्याचे राजे तीन, माझे एक्के दोनच! आठवडाभर मी अन्याय झाल्यासारखा वागत होतो. वास्तविक एक्के राजांसमोर पाचांत चार वेळा जिंकतात. म्हणजे पाचांत एकदा हरायचंच असतं. पण खरी पडझड त्या डावात झालीच नाही, ती त्याच्यानंतर झाली. त्या रात्री पहाटे चारपर्यंत बसलो आणि फेकण्याच्या लायकीच्या पत्त्यांवर कॉल करत, म्हणजे समोरच्याइतकेच पैसे घालत राहिलो. याला टिल्ट म्हणतात. मला वाटायचं टिल्ट म्हणजे आरडाओरडा, पत्ते आपटणं. मी तर शांतपणे, चहा पीत, टिल्टवर होतो.

महिन्याअखेर ९,००० डावांत तिथले ७४० गेले. मग मी जे केलं ते एका हिशेबनिसाने करावं याची लाज वाटते. नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर सगळे डाव एकत्र करून दाखवत होतं: अधिक १,१००, उणे ७४०, म्हणजे १७,००० डावांत ३६० बिग ब्लाइंडचा नफा! शंभर डावांमागे दोनाच्या वर, ज्यावर लोक पोट भरतात असा दर. ते चित्र मी बहिणीला पाठवलंसुद्धा. तिचं उत्तर आलं, "मग पैसे कुठायत?" पैसे कुठे असणार? जिंकलो ते लहान मापाने, हरलो ते दुप्पट मापाने. दोन वेगळ्या चलनांची बेरीज केली होती. नवशिक्या कारकुनाने अशी बेरीज माझ्यापुढे आणली असती तर त्याला मी दुपारभर ऐकवलं असतं. पुंजी उरली होती ३२०, जुन्या मापाने.

इथे पहिल्यांदा मी नोंदी नीट उघडल्या. एक्के-राजांचा तो डाव शोधत होतो, सापडलं भलतंच. सहा जणांच्या टेबलावर दर सहा डावांत एकदा स्मॉल ब्लाइंड आपल्यावर येतो. त्या जागी कुणी पत्ते न बघताच दर वेळी फेकत राहिला, तर शंभर वेळांत त्याचे ५० बिग ब्लाइंड जातात. माझे गेले होते ६८. म्हणजे त्या जागी माझ्याऐवजी उशी ठेवली असती तरी ती माझ्याहून बरी खेळली असती. दोन महिन्यांत ही जागा माझ्यावर २,८०० च्या वर वेळा आली होती. 'अर्धे पैसे टाकलेच आहेत, थोडे घालून बघू' या एका विचारापायी उशीपेक्षा ५०० बिग ब्लाइंड जास्त घालवले होते, आणि त्यातला एकही डाव मला आठवत नव्हता.

पुढचे चार महिने पुन्हा लहान टेबलावर उतरून अभ्यास केला. सुरुवातीला हातात येणाऱ्या दोन पत्त्यांचे १६९ प्रकार असतात; कोणत्या जागेवरून कोणते खेळायचे याचा तक्ता पाठ केला. आधी निम्मे डाव खेळायचो, आता चारांतले तीन टाकायला लागलो. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, १०० आहेत, समोरच्याने ५० लावले, तर माझे धरून २०० होणाऱ्या पॉटसाठी मला ५० द्यायचे. म्हणजे चारांत एकदा जिंकायची खात्री हवी. इतकं साधं गणित दोन वर्षं मी 'त्याचा चेहरा सांगतो' या पद्धतीने सोडवत होतो. चेहऱ्याचं शास्त्र माझ्या शनिवारच्या तीन मित्रांपुरतंच होतं, हेही तेव्हा कळलं.

चार टेबलं एकदम, तासाला अडीचशे डाव, असे ८०,००० डाव झाले. हे काम आहे, आणि कंटाळवाणं आहे. पत्ते टाका, पत्ते टाका, पत्ते टाका. निकाल: अधिक ३२०. तासाला एक बिग ब्लाइंड. खेळ भरवणारे जवळजवळ प्रत्येक पॉटमधून आपला वाटा कापतात, त्याला रेक म्हणतात. माझ्या वाट्याचा रेक शंभर डावांमागे सात होता, म्हणजे चार महिन्यांत ५,६००. त्या टेबलांवर पोटापुरतं कमावणारं कुणी असेलच, तर ते त्या मालकाच्या बाजूला बसलेलं.

पुंजी ६४०, काढलेले ५०० धरून १,१४०. सहा महिन्यांचा पगार बुडवून वर साठ बिग ब्लाइंडचा तोटा.

तरी बहिणीला विचारलंच: "पण शेवटच्या चार महिन्यांवरून काय वाटतं? मी चांगला खेळतो का?" तिने पुन्हा कागद घेतला. ८०,००० डावांत नशिबाचा झोका एका प्रमाण विचलनाला अडीच हजारांचा. त्यात माझे ३२०. "सांगता येत नाही," ती म्हणाली. मग तिने लिब्राटसबद्दल सांगितलं. २०१७ साली या संगणक प्रोग्रॅमने चार व्यावसायिकांना हरवलं. त्यासाठी वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळवले, आणि तरीही नशीब बाजूला काढता यावं म्हणून तेच पत्ते उलट बाजूंनी दुसऱ्या जोडीलाही वाटले होते. "तुझे डाव तसे कुणी वाटले नाहीत, दादा."

सहा महिने घालवून 'सांगता येत नाही' हे उत्तर मिळेल, याची मी तयारीच केली नव्हती. सपशेल हरलो असतो तर परतणं सोपं गेलं असतं.

सोमवारी कामावर गेलो. शनिवारी जुन्या टेबलावर बसलो. "आले, व्यावसायिक आले!" असं म्हणत एकाने पत्ते वाटले. माझ्यावर स्मॉल ब्लाइंड होता. हातात किलवरची नव्वी आणि चौकटची चौकी. पुढच्या दोघांनी नुसता कॉल केला होता, पॉट छान दिसत होता, आणि अर्धे पैसे तर टाकलेच होते.

टाकले पत्ते. सगळे हसले.