आधी नाव सांगा

दसरा झाला की आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाचं कोळी-संकलन निघतं. पाऊस ओसरलेला असतो, गवत अजून हिरवं असतं, आणि जाळं विणणाऱ्या माद्या याच दिवसांत पूर्ण वाढलेल्या मिळतात. पिल्लावरून जात सांगता येत नाही. मादीच्या पोटाखालचं जननांग किंवा नराच्या तोंडाजवळच्या पाल्पचं (आखूड पायासारख्या अवयवाचं) टोक सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय बोलू नये, असा नियम आहे. तरी मोबाइलवरच्या धूसर फोटोवरून पिल्लाचंसुद्धा पूर्ण शास्त्रीय नाव ठोकून देणारे आमच्याच विषयात आहेत. त्यांना लांबून नमस्कार.

यंदाची जागा गाविलगडाच्या रांगेतली एक खोल दरी. वाघांचा भाग, म्हणून परवानगीचा कागद, सोबत नाकेदारसाहेब (वनरक्षक) आणि दिवस मावळायच्या आत बाहेर. निम्मे कोळी रात्रपाळीचे आणि परवानगी दिवसपाळीची, पण ते चालायचंच. उलटी छत्री फांदीखाली धरून फांदी झोडपायची, पालापाचोळा चाळायचा, सापडेल ते ७० टक्के अल्कोहोलच्या कुपीत. लेबल पेन्सिलीने लिहायचं आणि कुपीच्या आत टाकायचं, बाहेर चिकटवायचं नाही. ठिकाण, तारीख, अक्षांश-रेखांश, कशावर सापडला, कोणी पकडला. लेबल नसलेला कोळी म्हणजे कचरा, हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी दोन-तीन कुप्या तशाच येतात.

पोरं नेफिला नावाच्या मोठ्या कोळ्याच्या जाळ्यापाशी अडकली होती. तळहातावर मावणार नाही अशी मादी आणि उन्हात सोनेरी दिसणारं रेशीम, फोटो तर काढणारच. त्याच जाळ्यात तिचा एवढासा नर होता, तिचं भक्ष्य चोरून खाणारे बारके कोळीही होते. तिकडे कॅमेरा वळत नाही.

आमच्यासोबतचे वनमजूर भाऊ, साठीकडे झुकलेले कोरकू गृहस्थ, हे सगळं लांबून बघत होते. मग म्हणाले, "मॅडम, झाकणवाली मकडी पाह्यली काय तुम्ही?"

नाल्याला लागून कच्चा रस्ता आहे, त्याच्या कडेला मातीची दरड. भाऊंनी बोट ठेवलं तिथे मला नुसतं शेवाळ दिसलं. मग त्यांनी काडीने कड उचलली आणि रुपयाच्या नाण्याएवढं शेवाळ बिजागरीवर वर आलं. आतून रेशमाचं पांढरं अस्तर. दुसऱ्या झाकणाला मी सुई लावली, तर आतून कोणीतरी ओढून धरलं! झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक भोकं असतात, मादी त्यांत दात अडकवून दार बंद ठेवते. पुस्तकात वाचलं होतं. सुईच्या टोकाला ती ओढ जाणवणं वेगळं.

बीळ खणताना माती पडली की वाट हरवते. म्हणून आधी गवताची काडी आत सोडायची आणि बाजूने खुरप्याने हळूहळू तिच्यापर्यंत जायचं. मादी निघाली ती काळसर, टक्कल पडल्यासारखी चकचकीत. तिचे दात समोरासमोर मिटत नाहीत, दोन्ही शेजारी-शेजारी खाली उतरतात. त्यांच्या वर माती उकरायचे राठ काटे. आठांपैकी दोन डोळे अगदी पुढच्या काठावर, बाकीचे मागे घोळक्याने. इडिऑप्स, म्हणजे झाकणवाल्या कोळ्यांचा एक वंश. वंश पक्का.

जात मात्र नाही. या जुन्या घराण्यातल्या माद्यांना पोटाखाली वाचता येईल असं काही नसतं. खात्रीसाठी नर लागतो, आणि नर वयात आला की बीळ सोडून सहसा पावसाच्या दिवसांत मादी शोधत फिरतो. मादी जन्मभर एकाच बिळात. ऑस्ट्रेलियात कोळ्यांच्या अभ्यासक बार्बरा यॉर्क मेन यांनी १९७४ पासून अशा बिळांची नोंद ठेवली होती. त्यांतली १६ नंबरची मादी २०१६ साली गेली, तेव्हा ती ४३ वर्षांची होती. म्हणून भाऊ जेव्हा म्हणाले, "मी बकऱ्या चारत होतो तवापासून हायेत हे झाकणं," तेव्हा मी हसले नाही.

दरडीत मोठ्या झाकणांच्या आजूबाजूला शर्टाच्या बटणाएवढी बारकी झाकणंही होती. पिल्लं आईपासून फार लांब जात नाहीत. आणि त्या सगळ्यांच्या वरून चुन्याची रेघ गेली होती. रस्ता रुंद होणार आहे.

कागदावर एका जातीचे दोन नमुने मंजूर होते, तेवढेच घेतले. "दोनच नेता? बाकीच्यायले तं जेसीबीच नेईन जी," भाऊ म्हणाले. नाकेदारसाहेबांनी घड्याळ बघितलं. मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. सगळ्या माद्या उचलल्या असत्या तरी त्या माझ्या कपाटात मेलेल्याच राहिल्या असत्या.

परत येऊन फोटो आणि अक्षांश-रेखांश जोडून संबंधित कार्यालयाला पत्र दिलं: एवढी पंधरा-वीस फूट दरड सोडून रुंदीकरण करावं. उत्तर आलं, आणि वेळेत आलं, हे विशेष. "प्रजातीचे शास्त्रीय नाव व वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील अनुसूची कळवावी." मी लिहिलं, नावासाठी नर हवा, फिरता नर आत पडावा म्हणून पावसाळ्यात दरडीच्या पायथ्याशी अल्कोहोलचे चार प्लास्टिकचे पेले पुरायची परवानगी द्या. त्यावर उत्तर, पावसाळ्यात त्या भागात पायी प्रवेश देता येत नाही. दोन्ही पत्रांवर सही एकाच साहेबांची.

सध्या बिलं अडकल्यामुळे रस्त्याचं काम बंद आहे, तेवढ्यापुरती मी ज्याने कोणी ती अडकवली त्याची ऋणी आहे.

भाऊ पावसाळ्यात तिथेच गस्तीवर असतात. पेले ते तपासू शकतात, अल्कोहोल बदलू शकतात, लेबलसुद्धा माझ्या पोरांपेक्षा नीट लिहितील. म्हणून आता अर्ज त्यांच्या नावाने करायचं ठरलंय. फॉर्म भरून झालाय, फक्त "संशोधकाची शैक्षणिक पात्रता" हा रकाना उरलाय. भाऊ म्हणतात, चौथी पास लिहा. आमचे विभागप्रमुख म्हणतात, तसं लिहिलं तर अर्ज टेबलावरूनच परत येईल. मी चौथी पासच लिहिणार आहे, आणि खाली जोडपत्रात त्यांनी दाखवलेल्या प्रत्येक झाकणाचा फोटो.