खाडा झाला तर झाला

मागच्या जानेवारीत आमच्या डिपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर २१ दिवसांचं चॅलेंज निघालं होतं. रोज ४५ मिनिटं चालायचं, फोटो टाकायचा, आणि एक दिवस चुकला की परत एकपासून. तेव्हा माझी तीन महिन्यांची शुगर (HbA1c) नुकतीच ६.१ आली होती, म्हणजे डायबेटिस नाही पण अगदी उंबरठ्यावर, आणि वडिलांची शुगर इतकी वर्षं जवळून बघितल्यामुळे मी खरंच घाबरलो होतो. तेराव्या दिवशी पोराला ताप आला, रात्रभर जागलो, खाडा झाला. परत एकपासून सुरू केलं, तर सेकंड शिफ्ट लागली, परत खाडा, आणि फेब्रुवारी येईपर्यंत सगळंच बंद. चालणं सुटलं त्याचं एवढं नाही, पण आपल्याच्याने काही होत नाही हे डोक्यात बसलं त्याचा त्रास जास्त झाला.

हे २१ आलं कुठून ते मी नंतर वाचलं. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी १९६० मध्ये लिहिलं होतं की ऑपरेशननंतर पेशंटला स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात. चालण्याचा त्यात संबंधच नाही. पुढे 'कमीत कमी' गळालं आणि नुसता आकडा राहिला. मग युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा अभ्यास सापडला. ९६ जणांनी १२ आठवडे रोजच्या ठरावीक प्रसंगाला जोडून एक छोटी गोष्ट करायची होती. ती आपोआप व्हायला साधारण ६६ दिवस लागतात असं निघालं, पण कोणाला १८ तर कोणाचा हिशोब थेट २५४ पर्यंत. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही!

हे वाचून मला निफाडची आमची द्राक्षबाग आठवली. वडील छाटणीपासून बागेचे दिवस मोजतात, कोणी भेटलं तरी पहिला प्रश्न, बाग किती दिवसांची झाली. ढगाळ हवेने आठवडा मागेपुढे झाला म्हणून ते कधी मोजणी एकपासून धरत नाहीत.

आता माझी अडचण शिफ्टची. आज फर्स्ट, पुढच्या आठवड्यात नाईट, त्यामुळे 'सकाळी सहाला चालायचं' हे नाशिकच्या अंबड एमआयडीसीत काम करणाऱ्या माणसाला चालतच नाही, घड्याळाला बांधलेली प्रत्येक गोष्ट माझी आठवड्याभरात तुटली. म्हणून मी वेळ सोडली आणि प्रसंग धरला. कुठल्याही शिफ्टवरून घरी आलो की डब्याची पिशवी दाराच्या हुकला अडकवायची, बूट काढायचेच नाहीत, तसंच खाली उतरायचं. दहा मिनिटं. नाईट करून सकाळी आलो तरी, सेकंड करून रात्री साडेअकराला आलो तरी. रात्री गल्लीत कुत्री असतात म्हणून सोसायटीच्या कंपाउंडमध्येच फेऱ्या मारतो, आणि मे महिन्यात फर्स्ट सुटल्यावर रस्त्यावर भट्टी असते तेव्हा पार्किंगमध्ये.

दहा मिनिटांनी काय होणार असं मलाही वाटायचं. पण बूट न काढण्याची सवय आधी लागू द्यायची होती, मिनिटं आपली आपण वाढली, आता बऱ्याचदा अर्धा तास होतो. मध्ये आईच्या आजारपणात सलग पाच दिवस निफाडला होतो, एक पाऊल चाललो नाही, सहाव्या दिवशी कामावरून आलो, पिशवी अडकवली आणि खाली गेलो. मला वाटतं माझी सवय खरी त्या दिवशी लागली.

शुगरचा नवीन रिपोर्ट ५.८ आहे. डॉक्टर म्हणाले चालू ठेवा. झोपही सुधारली, विशेषतः नाईटनंतरची, आधी बेडवर पडून डोक्यात मशीनच चालू असायची.

रविवारी आता पोराला घेऊन पांडवलेणीच्या पायऱ्या चढतो. गेल्या रविवारी तो वर धापा टाकत म्हणाला, पप्पा, पुढच्या वेळी आजोबांना पण आणू, ते खाली बसतील पण येऊ तर देत. वडिलांना फोन केला, ते म्हणाले बागेचं औषध मारून झालं की येतो.