लंडनमध्ये दोनशे वर्षांपूर्वीची शमीज पाहायची असेल तर

व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउस (ऑलिम्पिक पार्क, २०२५ पासून खुलं) हा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट (व्ही अँड ए) संग्रहालयाचा साठाच आहे, आणि हवी ती वस्तू मागवून जवळून पाहता येते. प्रवेश मोफत. हॅकनी विक स्थानकावरून चालत जाता येतं. मात्र मागणी किमान दोन आठवडे आधी नोंदवावी लागते आणि एका भेटीत पाचच वस्तू मिळतात, म्हणून निवड विचारपूर्वक करा.

ऑनलाइन सूचीत 'शिफ्ट' आणि 'शमीज' दोन्ही शब्द शोधा. वस्त्र एकच, जुनं नाव शिफ्ट. (आपल्याकडे मुलींच्या आतल्या झग्याला रुळलेला शब्द शमीज हाच.) 'शमिझेट' मागवलं तर फसाल. ते गळा झाकायचं अर्धं वस्त्र, बाहेर दिसायचं, म्हणून भरतकाम त्यावरच जास्त. खरी शमीज बहुतेक साधी असते. कशिदा असलाच तर गळपट्टीवर आणि बाहीच्या टोकाला.

वस्त्र समोर आलं की आधी काख पाहा. तिथे चौकोनी तुकडा तिरका दुमडून बसवलेला दिसेल. शमीज सगळी सरळ तुकड्यांची, त्यामुळे हा तुकडा नसता तर हात वर करताच शिवण उसवली असती. मग बाजूच्या कळ्या पाहा: अंगाच्या पन्ह्यातून वर कापलेले त्रिकोण खाली जोडून घेर काढलाय, कापड जराही वाया नाही. टाके मोजायला भिंग न्या. चांगल्या शिवणीत इंचाला वीसेक सहज भरतात.

गळ्याजवळ किंवा खालच्या काठाशी बारीक फुलीच्या टाक्यात आद्याक्षरं आणि आकडा शोधा. शमीज डझनाने शिवत. आकड्यामुळे ती पाळीने वापरता येत आणि धुण्यात हरवत नसत. दोरा बहुधा लाल, कारण तुर्की लाल रंग उकळूनही टिकतो. आमच्या मते कशिद्याहून हीच खूण जास्त बोलकी आहे.

पांढऱ्यावरचं पांढरं भरतकाम समोरून घेतलेल्या फोटोत हरवतं. तिरक्या कोनातून, बाजूच्या उजेडात घ्या, फ्लॅश नको. सोबत पेन नाही, पेन्सिल न्या. हात लावण्याआधी कर्मचाऱ्यांना विचारा. जुन्या लिननच्या घड्या तिथेच तुटतात जिथे त्या वर्षानुवर्षं पडलेल्या असतात.