बेटकुळी आधी येत नाही

"आत्ती, दंड कधी भरणार गं माझे?"

माझा भाचा 17 वर्षांचा. इथं कोल्हापुरात राजारामपुरीतल्या जिमला जायला लागून त्याला तीन आठवडे झालेत. रोज आरशासमोर हात दुमडून बेटकुळी बघतो आणि तोंड पाडून जेवायला बसतो. मी म्हटलं, वही दाखव. वहीच नव्हती.

मी 46 व्या वर्षी वजनं उचलायला लागले. माझ्या वहीचं पहिलं पान अजून तसंच आहे: रिकामा बार, 20 किलो, बैठका 5, फेऱ्या 3. नवव्या आठवड्याला तिथं 35 किलो आहे. मांडीचा घेर मात्र होता तेवढाच. मग ताकद आली कुठनं? सुरुवातीची वाढ बरीचशी मेंदू आणि मज्जातंतूंची असते. आहेत त्याच स्नायूंतले जास्त धागे एकदम कामाला लावायला शरीर शिकतं. स्नायू डोळ्यांना दिसण्याइतके भरायला त्यापुढचे महिने लागतात. वही नसली की पोरांना ही पहिली कमाई कळतच नाही. आरशात काही दिसत नाही म्हणून दुसऱ्या महिन्यात जिम सोडतात. चांगली कष्टाळू पोरं अशी सोडून जाताना बघितली की मला फार वाईट वाटतं.

त्याचा दुसरा प्रश्न, पणजोबा तालमीत हजार बैठका मारायचे, मग वजन कशाला? आमच्या घरात खासबाग मैदानातल्या कुस्त्यांच्या गोष्टी ऐकतच सगळे वाढलेत, त्यामुळं हा प्रश्न येणारच. नुसत्या बैठका शेकड्यानं मारल्या की दम वाढतो. पण पैलवान काही बैठकांवर थांबत नाही. तो फावड्यानं तालमीतला मातीचा हौद खणतो, जड मुदगल फिरवतो, आणि रोज त्याच्या अंगावर 80-90 किलोचा जोडीदार असतो. ओझं तिथंही आहे, आणि ताकदवान जोडीदार मिळेल तसं ते वाढतही जातं. जिममध्ये तेच काम लोखंडाच्या प्लेटा करतात. तिन्ही फेऱ्या नीट झाल्या की पुढच्या वेळी अडीच किलो चढवायचं. आठवड्यातनं तीन दिवस पुरेत, मधला दिवस विश्रांती.

अंग दुखलं नाही तर व्यायाम झाला नाही, हे मात्र डोक्यातनं काढून टाका. मी आधी एका जिमला गेले होते. पहिल्याच दिवशी तिथल्या ट्रेनरनं शंभर बैठका मारायला लावल्या. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी आडवी उतरत होते. सहा महिने पुन्हा त्या वाटेला गेले नाही, ते सहा महिने फुकट गेले याचा राग अजून आहे. नव्या कामानं स्नायू दुखतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्तच. सवय झाली की दुखणं कमी होतं, वाढ थांबत नाही. सांध्यात कळ आली तर मात्र तिथंच थांबायचं.

खाण्याचं थोडक्यात सांगते. स्नायू वाढवायचे तर वजनाच्या दर किलोमागं साधारण 1.6 ग्रॅम प्रथिनं धरा. माझं वजन 58, म्हणजे दिवसाला नव्वदच्या आसपास. एका अंड्यात 6 ग्रॅम. दूध कट्ट्यावर समोर पिळून देतात त्या म्हशीच्या दुधाच्या मोठ्या ग्लासात नऊ-दहा. मूठभर शेंगदाण्यात सातेक. आणि तांबडा-पांढरा कितीही वाट्या प्यायलात तरी प्रथिनं मटणाच्या तुकड्यांत असतात, रश्श्यात नावाला. मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारा. पावडरीचा डबा लागतोच असं नाही.

खरा प्रश्न मला खालच्या मजल्यावरच्या वैनींनी विचारला. "वजनं उचलून बाईमाणूस पुरुषासारखी दिसायला लागत नाही का?" नाही हो वैनी. आपल्या अंगात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानानं फारच कमी असतं. पाळी थांबल्यावर हाडं झपाट्यानं विरळ व्हायला लागतात, तेव्हा मात्र हे लोखंड कामी येतं. वैनी 52 वर्षांच्या आहेत. सिलिंडर सरकवताना कंबर धरली तेव्हापासून घरात काहीच जड उचलत नाहीत.

मी त्यांच्याच स्वयंपाकघरात रिकामा सिलिंडर मधोमध ठेवला. म्हटलं, याच्या अगदी जवळ उभ्या राहा, पाय दोन्ही बाजूंना. वैनी नेहमीसारख्या पाठीचं धनुष्य करून वाकल्या. थांबवलं. गुडघे थोडे सैल सोडा, बूड मागं ढकला, मागच्या कट्ट्याला टेकवायचं आहे असं समजा. पाठ पाटासारखी सरळ. आता कडं धरा, श्वास घ्या, पोट आवळा, आणि हातानं ओढायच्या ऐवजी पायानं फरशी खाली दाबा.

सिलिंडर उठला. वैनी सरळ उभ्या राहिल्या आणि माझ्याकडं बघतच राहिल्या. "कंबरेत काहीच झालं नाही की गं!"

सिलिंडरच्या गळ्यापाशी पट्टीवर रिकाम्याचं वजन लिहिलेलं असतं. वैनींनी चष्मा लावून ते वाचलं, दुधाच्या हिशोबाची वही उलटी केली आणि मागच्या कोऱ्या पानावर तारीख घालून लिहिलं: 15.9 किलो, 5 वेळा.